मडी वॉटर्स यांच्या ‘फोक सिंगर’मधील डबल बेस : विली डिक्सन यांच्या साथीचा प्रकरण अभ्यास

सप्टेंबर १९६३ मध्ये शिकागोतील चेस रेकॉर्ड्स या कंपनीच्या स्टुडिओत ब्लूज (अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची गायनशैली) गाणारे मडी वॉटर्स यांची ‘फोक सिंगर’ ही लाँग प्ले ध्वनिमुद्रिका तयार झाली आणि १९६४ मध्ये ती बाजारात आली. या ध्वनिमुद्रिकेत इलेक्ट्रिक गिटार नाही, माउथ ऑर्गन नाही, पियानोही नाही. मडी वॉटर्स यांचे गाणे आणि त्यांची स्वतःची अकूस्टिक गिटार, बडी गाय यांची दुसरी अकूस्टिक गिटार, क्लिफ्टन जेम्स यांचे ड्रम आणि विली डिक्सन यांचा डबल बेस, एवढाच सरंजाम आहे. ध्वनिमुद्रण रॉन मॅलो यांनी केले आणि निर्मितीची सूत्रे डिक्सन यांच्याकडेच होती. नावाप्रमाणे पाहिले तर ही एका लोकगायकाची ध्वनिमुद्रिका, म्हणजे एक माणूस, एक गिटार आणि एक आवाज. अशा ठिकाणी माणसाच्या उंचीचे खर्जाचे वाद्य घेऊन उभ्या राहिलेल्या साथीदाराने नेमके काय करायचे असते आणि डिक्सन यांनी ते कसे केले, याचा तपास येथे करायचा आहे.

मागणी कोणाची होती

१९६३ हे वर्ष अमेरिकेतील लोकसंगीताच्या पुनरुज्जीवनाच्या ऐन भराचे होते. त्याच वर्षी मिसिसिपी जॉन हर्ट हे कित्येक दशके विस्मरणात गेलेले गायक पुन्हा सापडले आणि न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात एका गिटारवर गाऊन त्यांनी श्रोत्यांना जिंकले. हे श्रोते मुख्यतः गोरे, महाविद्यालयीन आणि लाँग प्ले ध्वनिमुद्रिका विकत घेणारे होते. चेस कंपनीचा धंदा मात्र तोवर कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये, ज्यूकबॉक्सवर आणि रेडिओवर चालणाऱ्या एकेका गाण्याच्या लहान तबकड्यांवर उभा होता. नवा ग्राहक हवा असेल तर त्याच्या कानाला रुचेल असे काही देणे कंपनीला भाग होते.

मडी वॉटर्स यांच्याकडे ते नव्हते असे मुळीच नाही. १९४१ मध्ये लोकसंगीताचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांनी लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी मिसिसिपीतील स्टोव्हॉल मळ्यावर जाऊन त्यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा ते अकूस्टिक गिटारवरच गात होते. १९४३ मध्ये ते शिकागोला आले आणि गोंगाटाने भरलेल्या दारूच्या गुत्त्यांमध्ये आवाज पोहोचवण्यासाठी त्यांनी विजेवर चालणारी गिटार हाती घेतली. १९५८ मध्ये इंग्लंडला गेल्यावर तिथल्या काही श्रोत्यांना त्यांची ही गिटार कर्कश वाटली होती, कारण ब्लूज म्हणजे ग्रामीण माणसाचे एकट्याचे गाणे अशी त्यांची समजूत होती. ‘फोक सिंगर’ची कल्पना याच समजुतीच्या बाजारपेठेतून निघाली. बडी गाय यांनी पुढे अनेकदा सांगितल्याप्रमाणे, चेस कंपनीचे मालक लेनर्ड चेस यांना मिसिसिपीतून जुन्या पद्धतीने वाजवणारी म्हातारी मंडळी आणायची होती आणि मडी वॉटर्स यांनी त्यांच्यासमोर सत्तावीस वर्षांच्या बडींना आणून उभे केले. चेस चिडले, पण वादन ऐकल्यावर त्यांचा विरोध मावळला.

या सगळ्या हिशेबात डबल बेस कुठेच बसत नाही. श्रोत्याला हवा असलेला लोकगायक बेसवादक बरोबर घेऊन हिंडत नसे. तरीही तो ठेवला गेला आणि माझ्या मते या ध्वनिमुद्रिकेतील सर्वांत शहाणा निर्णय तोच होता. त्यामागचे पहिले कारण खुद्द मडी वॉटर्स यांच्याच इतिहासात आहे. १९४८ मध्ये अ‍ॅरिस्टोक्रॅट या कंपनीसाठी (हीच पुढे चेस झाली) ज्या तबकडीने त्यांना नाव मिळवून दिले, तिच्यावर त्यांच्या गिटारखेरीज एकच वाद्य होते, ते म्हणजे अर्नेस्ट ‘बिग’ क्रॉफर्ड यांचा डबल बेस. तार ओढून फळीवर आपटवण्याची क्रॉफर्ड यांची पद्धत त्या तबकडीत ड्रमचीही उणीव भरून काढते. म्हणजे डेल्टातील (मिसिसिपीच्या ग्रामीण मुलखातील) एकट्या गायकाचे शिकागोत रूपांतर झाले ते मुळात डबल बेसच्या सोबतीने. १९६३ मध्ये मागे वळून पाहताना हा दुवा तोडला असता, तर हाती आली असती ती एक नक्कल.

साथीदार

विली डिक्सन यांचा जन्म १ जुलै १९१५ रोजी मिसिसिपीतील व्हिक्सबर्ग येथे झाला. ते शिकागोला आले ते मुष्टियोद्धा म्हणून, आणि १९३७ मध्ये इलिनॉयच्या गोल्डन ग्लव्ह्ज स्पर्धेत नवोदितांच्या हेवीवेट गटात त्यांनी विजेतेपदही मिळवले. लेनर्ड ‘बेबी डू’ कॅस्टन यांनी त्यांना पत्र्याच्या डब्याला एकच तार लावून पहिला बेस करून दिला. पुढे याच कॅस्टन यांच्याबरोबर त्यांनी ‘बिग थ्री ट्रायो’ हा चमू चालवला. पियानो, गिटार, बेस आणि तिघांचे एकत्र गाणे अशी त्याची घडण होती. त्यात ड्रम नसल्यामुळे लय धरून ठेवण्याचे काम बेसवरच पडत असे.

१९५०च्या दशकाच्या आरंभापासून डिक्सन चेस कंपनीत नोकरीला होते आणि मधली दोनतीन वर्षे कोब्रा या छोट्या कंपनीत काढून ते परत आले. गाणी लिहिणे, ती कोणाच्या गळ्याला शोभतील हे ठरवणे, वादक गोळा करणे, चाल बसवणे आणि ध्वनिमुद्रणाच्या सत्रात स्वतः बेस वाजवणे ही सारी कामे त्यांच्याकडे होती. मडी वॉटर्स यांच्यासाठी त्यांनी लिहिलेले ‘हूची कूची मॅन’ ७ जानेवारी १९५४ रोजी मुद्रित झाले. हे गाणे आपण मडींना एका क्लबच्या स्वच्छतागृहात, दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात शिकवले, अशी आठवण डिक्सन सांगत असत. त्या गाण्याची बांधणी येथे महत्त्वाची आहे. सगळी वाद्ये मिळून एक छोटा ठोका देतात आणि थांबतात, त्या मोकळ्या जागेत गायक ओळ म्हणतो आणि मग पुन्हा ठोका येतो. मडी वॉटर्स यांच्या आवाजाला जागा मोकळी करून दिली की तो किती मोठा होतो, हे डिक्सन यांनी ‘फोक सिंगर’च्या नऊ वर्षे आधीच ओळखले होते.

आणखी एक तयारी त्यांच्या गाठीशी होती. पियानोवादक मेम्फिस स्लिम यांच्याबरोबर ते १९६०च्या सुमारास लोकसंगीताच्या श्रोत्यांसमोर केवळ पियानो आणि बेस अशा जोडीने वाजवू लागले होते. न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज गेट’ या क्लबमध्ये लोकगायक पीट सीगर यांच्यासह झालेला त्यांचा एक कार्यक्रम फोकवेज कंपनीने प्रसिद्धही केला. १९६२ पासून जर्मन आयोजक होर्स्ट लिपमन आणि फ्रिट्झ राउ यांच्या ‘अमेरिकन फोक ब्लूज फेस्टिव्हल’ या युरोप दौऱ्यात कोणते कलाकार न्यायचे हे ठरवण्यात डिक्सन यांचा मोठा वाटा होता आणि तिथल्या अनेक गायकांना बेसची साथही तेच देत. नृत्यासाठी नव्हे तर शांत बसून ऐकण्यासाठी आलेल्या माणसांपुढे हे वाद्य कसे वाजवावे, याचा अनुभव त्या वेळी शिकागोतील फारच थोड्या ब्लूज बेसवादकांना होता.

वादनाचे तपशील

ब्लूजचा सर्वपरिचित साचा बारा खंडांचा असतो. चार मात्रांचा एक खंड, असे बारा खंड झाले की एक कडवे पुरे होते आणि ठरलेल्या खंडावर स्वरसंगती बदलते. डेल्टातील एकट्या गायकाला हा हिशेब पाळण्याचे बंधन नव्हते. ओळ लांबली तर तो दोन मात्रा जास्त घेई, श्वास हवा असेल तर थांबे, गिटारवरची एखादी जागा रंगली तर तिथेच रेंगाळे, कारण त्याच्याबरोबर चुकायला दुसरे कोणी नसे. मडी वॉटर्स शहरात येऊन वीस वर्षे झाली, तरी त्यांच्या गाण्यातली ही सवय गेली नाही आणि ‘फोक सिंगर’मधील संथ गाण्यांत तर तिला पूर्ण वाव होता.

अशा गायकाबरोबर मोजून वाजवणारा बेसवादक पहिल्याच कडव्यात उघडा पडतो. पाचव्या खंडावर बदल येणार म्हणून त्याने नवा स्वर छेडला आणि गायक अजून मागच्याच ओळीत असला, तर ऐकणाऱ्याला गायकच चुकल्यासारखा वाटतो. याला उपाय एकच आहे. मोजणे मनात चालू ठेवायचे, पण स्वर बदलायचा तो गायकाची ओळ कुठे टेकते ते पाहूनच. ही ध्वनिमुद्रिका लक्ष देऊन ऐकली की डिक्सन यांचा स्वर काही जागी गायकाच्या शब्दानंतर किंचित उशिराने पडतो हे ध्यानात येते. हा उशीर आळसाचा नाही. गायकाने पाऊल टाकले आहे याची खात्री झाल्यावरच पडलेला तो स्वर आहे. तबल्याची साथ करणारा माणूस ख्याल गाणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत ठेका धरतो, तशीच ही नजर आहे. फरक इतकाच की ख्यालात सम ठरलेली असते आणि येथे सम कुठे यायची हे गायक त्या क्षणी ठरवतो.

दुसरा प्रश्न स्वरांचा. मडी वॉटर्स बोटात नळी घालून तारेवरून सरकवतात आणि त्यांचा आवाजही तसाच सरकतो. आपल्या भाषेत सांगायचे तर त्यांचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी असतो आणि तोही एका जागी ठरत नाही. सगळ्या ब्लूजचा जीव या न ठरणाऱ्या गंधारात आहे. बेसवादकाने खालून यातला कोणताही एक गंधार स्पष्ट वाजवला तर वरचा स्वर बेसूर ठरतो, म्हणून येथे बेस बहुतांशी षड्ज आणि पंचम यांवर राहतो आणि गंधाराचा निर्णय गळ्यावर सोडतो. त्या काळच्या जॅझमध्ये पॉल चेम्बर्स किंवा चार्ल्स मिंगस यांच्यासारखे डबल बेसवादक स्वरसंगतीतल्या प्रत्येक पायरीवर चढत-उतरत अखंड चालणारी ओळ वाजवत होते आणि हातांच्या तयारीत डिक्सन त्यांच्या जवळपासही नव्हते. पण तशी सतत चालणारी, प्रत्येक मात्रा भरणारी ओळ या गाण्यांखाली घातली असती, तर गायकाला थांबायला जागाच उरली नसती. कौशल्याचे मोजमाप कामावरून करायचे असते आणि या कामाला जे कौशल्य हवे होते ते डिक्सन यांच्याकडे पुरेपूर होते.

तिसरा प्रश्न आवाजाचा. डबल बेसच्या चार तारा ई, ए, डी आणि जी अशा लावलेल्या असतात. सर्वांत खालची ई सुमारे ४१ हर्ट्झची, म्हणजे गिटारच्या सर्वांत जाड तारेच्या बरोबर एक सप्तक खाली. या स्वराची ध्वनिलहर हवेत आठ मीटरहून लांब असते, त्यामुळे लहान खोलीत तो एका कोपऱ्यात फुगतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात नाहीसा होतो. मायक्रोफोन आणि वादक यांची जागा एखाद्या हाताने बदलली तरी फरक पडतो. बाकीची वाद्ये मोठ्याने वाजत असली की हे दोष झाकले जातात. येथे मात्र दोन लाकडी गिटार, हलक्या हाताने वाजणारे ड्रम आणि एकच आवाज होता, म्हणून बेसचा प्रत्येक स्वर उघड्यावर होता. या वाद्याच्या पट्टीवर गिटारसारखे पडदे नसल्याने बोट केसभर सरकले तरी सूर हलतो, तोही लपवता येत नव्हता.

शिवाय १९६३ पर्यंत शिकागोच्या ब्लूज सत्रांत इलेक्ट्रिक बेस सर्रास येऊ लागला होता. फेंडर कंपनीने तो १९५१ मध्ये बाजारात आणला. तो वाहून न्यायला सोपा, पडद्यांमुळे सुरात ठेवायला सोपा आणि मोठ्या आवाजात टिकणारा होता. पण त्याचा स्वर छेडल्यानंतर बराच वेळ रेंगाळतो. बोटाने छेडलेल्या डबल बेसचा स्वर मात्र आरंभी जाडजूड असतो आणि लगेच विरतो. पुढच्या स्वरापर्यंत मध्ये जी पोकळी राहते, तिच्यात या ध्वनिमुद्रिकेतील खोलीचा घुमारा ऐकू येतो, मडींचा श्वास ऐकू येतो, गिटारच्या तारेवर नळीचा खरखराट ऐकू येतो. इलेक्ट्रिक बेसने हे सगळे बुजवले असते. उत्तम ध्वनिप्रणाली बाळगणारे शौकीन आजही ही ध्वनिमुद्रिका यंत्राची पारख करण्यासाठी लावतात आणि तिच्या या कीर्तीत बेसच्या लवकर विरणाऱ्या स्वराचा वाटा मोठा आहे, असे मला वाटते.

आता राहिला न वाजवण्याचा प्रश्न. मूळ ध्वनिमुद्रिकेतील शेवटचे गाणे ‘फील लाइक गोइंग होम’ मडी वॉटर्स एकटेच गातात. १९४८च्या तबकडीवर क्रॉफर्ड यांच्या बेसबरोबर गायलेले हेच ते गाणे. निर्माता स्वतःच बेसवादक असताना, आणि त्या गाण्याला बेसची साथ असल्याचा पुरावा बाजारात पंधरा वर्षे उपलब्ध असताना, डिक्सन यांनी आपले वाद्य बाजूला ठेवले. सत्रात बोलावलेल्या वादकाला प्रत्येक गाण्यात काही ना काही वाजवून आपली मजुरी वसूल करून दाखवावी असे वाटत असते. हा मोह नवशिक्यालाच होतो असे नाही. डिक्सन यांना तो टाळता आला, कारण संपूर्ण ध्वनिमुद्रिकेचा तोल त्यांच्या डोळ्यांसमोर होता. जिथे बेस वाजतो तिथे तो का वाजतो, हे या एका गाण्यातील त्याच्या अनुपस्थितीने कळते.

पुढे काय झाले

पुढच्याच महिन्यात, ऑक्टोबर १९६३ मध्ये, मडी वॉटर्स आणि डिक्सन दोघेही ‘अमेरिकन फोक ब्लूज फेस्टिव्हल’बरोबर युरोपात होते. इंग्लंडमध्ये १९५८चा अनुभव ध्यानात ठेवून मडींनी या वेळी अकूस्टिक गिटार पुढे केली, तर तोवर तिथल्या तरुणांची आवड बदलली होती आणि त्यांना इलेक्ट्रिक गिटार ऐकायची होती. चेस कंपनीनेही हा प्रयोग पुढे नेला नाही. १९६५ नंतर तिने ‘रिअल फोक ब्लूज’ या नावाची मालिका काढली, पण तिच्यात पूर्वीच्या इलेक्ट्रिक तबकड्यांवरची गाणीच एकत्र करून नव्या वेष्टनात विकली. त्यामुळे संपूर्ण अकूस्टिक साथीची अशी स्टुडिओ ध्वनिमुद्रिका मडी वॉटर्स यांच्या नावावर ही एकच राहिली.

या कामाच्या मोबदल्याचा भाग मात्र अधिक सविस्तर पाहायला हवा, कारण एकाच ध्वनिमुद्रिकेत एकाच माणसाच्या दोन कामांना दोन वेगळे न्याय लागू झालेले दिसतात. सत्रातील वादकाला वादक संघटनेने ठरवलेल्या दराने तासांच्या हिशेबात एकदाच पैसे मिळत. शिकागोत या संघटनेच्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय वादकांच्या शाखा वेगळ्या होत्या, अनुक्रमे १० आणि २०८ क्रमांकाच्या, आणि त्या एकत्र झाल्या १९६६ मध्ये. ध्वनिमुद्रिकेच्या दहा प्रती खपल्या काय किंवा दहा लाख खपल्या काय, बेसवादनाची रक्कम तीच राहणार होती. याच ध्वनिमुद्रिकेतील ‘माय कॅप्टन’ हे गाणे मात्र डिक्सन यांनी लिहिलेले आहे. गाण्याच्या मालकीपोटी प्रत्येक प्रतीमागे कायद्याने ठरवलेला दर १९०९च्या कायद्यापासून १९७७ अखेरपर्यंत दोन सेंट होता आणि रीतीप्रमाणे त्याचा अर्धा भाग प्रकाशकाचा असे. डिक्सन यांचे प्रकाशक होते आर्क म्युझिक, म्हणजे चेस बंधूंचीच भागीदारी असलेली कंपनी. हे हिशेब नीट दिले गेले नाहीत म्हणून डिक्सन आणि मडी वॉटर्स या दोघांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात आर्कवर दावे लावले आणि ते न्यायालयाबाहेर मिटले. डिक्सन यांनी पुढे ‘ब्लूज हेवन फाउंडेशन’ काढले, त्यामागेही आपल्या पिढीच्या कलाकारांना असे हक्क मिळवून देण्याचा हेतू होता.

म्हणजे डिक्सन यांना लढण्यासाठी काही हाती होते ते गीतकार म्हणून. बेसवादक म्हणून दावा करण्यासारखे त्या काळच्या कायद्यात काहीच नव्हते. परिस्थिती थोडी बदलली ती फार उशिरा. १९९५च्या अमेरिकन कायद्याने डिजिटल रेडिओसारख्या सेवांवर वाजणाऱ्या ध्वनिमुद्रणांच्या उत्पन्नातून मुख्य कलाकाराबरोबर साथीच्या वादकांसाठीही अडीच टक्के वाटा ठेवला, पण १९७२ पूर्वीची ध्वनिमुद्रणे त्यातून वगळली गेली होती. ती आत घेतली गेली २०१८च्या संगीत आधुनिकीकरण कायद्याने, डिक्सन यांच्या मृत्यूनंतर सव्वीस वर्षांनी. हा वाटा वादकाला किंवा त्याच्या वारसांना मिळायचा तर त्या सत्रात कोण वाजवत होते याची नोंद हवी. ‘फोक सिंगर’च्या बाबतीत चारही नावे ठाऊक आहेत. चेसच्या लहान तबकड्यांवर मात्र सामान्यतः मुख्य कलाकाराचे आणि गीतकाराचेच नाव छापले जाई आणि साथीदार कोण होते हे संशोधकांना सत्रांची कागदपत्रे, वादकांच्या आठवणी आणि प्रत्यक्ष ऐकणे यांवरून नंतर ठरवावे लागले. काही सत्रांच्या बेसवादकाविषयी त्यांच्यात आजही एकमत नाही.